न पाहिलेल्या मुलखांची दारं: प्रकल्प नोंदी

४ जून

वाचनालयाच्या समितीचा प्रदर्शनाला अखेर होकार आला. नऊ पाट्या, प्रत्येकी दोन फूट बाय तीन फूट, फोम बोर्डावर. विषय माझाच: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवासवर्णनांची सचित्र पहिली पानं. मानधन म्हणावं असं काही नाही, पण छपाईचा खर्च ते देणार आणि जुलैअखेरीस दोन आठवडे वरच्या मजल्याची गॅलरी मिळणार.

समितीतल्या एका काकांनी नावही सुचवून टाकलं: 'गोऱ्यांच्या थापा'. मी हसले आणि 'बघू' म्हटलं. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात साधारण तेच होतं.

आधी शब्द ठरवायला हवेत. मुखपृष्ठ म्हटलं की आपल्याला कव्हर दिसतं, ते इथे चालणार नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, छापणारा, गाव आणि साल ज्यावर असतं ते शीर्षकपान. त्याच्यासमोर किंवा त्याच्याआधी नुसतं चित्र असेल तर मुखचित्र. या पुस्तकांत ही दोन्ही पानं एकमेकांत इतकी मिसळतात की पाट्यांवर सरसकट 'शीर्षकपान' लिहायचं ठरवलं. कुणी पंडित भांडायला आले तर चहा पाजू.

७ जून

प्रस्तावनेच्या पाटीचा मजकूर: या पानाला एवढा भाव का?

तेव्हा पुस्तक बहुतेक वेळा सुट्या छापील तावांचं मिळायचं. बांधणी गिऱ्हाइकाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधणाऱ्याकडून करून घ्यायची, कुणी वासराच्या कातड्यात, कुणी साध्या चर्मपत्रात. म्हणजे आज आपण ज्याला कव्हर म्हणतो ते छापणाऱ्याच्या हातात नव्हतंच. पुस्तकाचा चेहरा म्हणजे हे पान. लंडनमध्ये तर सुटी शीर्षकपानं खांबांवर, भिंतींवर डकवायचे. सिनेमाचं पोस्टरच म्हणा.

दुसरी गोष्ट यंत्राची. खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) आणि लाकडी ठसा दोन्ही उठावाचे, त्यामुळे ते एकाच दाबात एकत्र छापता येतात. तांब्यावर कोरलेलं चित्र उलटं चालतं. शाई खोल रेघेत बसते, वरचा भाग पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. त्याला यंत्र वेगळं, कारागीर वेगळा, खर्चही वेगळा. तरी छापणाऱ्यांनी पहिल्या पानासाठी तो केला, कारण तांब्यावर जी बारीक रेघ मिळते ती लाकडावर मिळत नाही. एकाच पानात चित्र तांब्याचं आणि अक्षरं खिळ्यांची असतील तर तो कागद दोन यंत्रांतून गेलेला असतो.

हे सगळं नुसतं वाचून कुणाला कळणार नाही. एक छोटा पत्रा स्वतः कोरून, छापून पाटीशेजारी ठेवायचा विचार आहे. कला महाविद्यालय सोडून वीस वर्षं झाली. बघू हात चालतो का.

११ जून

आजचा अख्खा दिवस एका पानावर गेला. अब्राहम ऑर्टेलियस, 'थिएट्रम ऑर्बिस टेरारम', अँटवर्प, १५७०. प्रवासवर्णन नाही हे मला माहीत आहे. हा नकाशांचा संग्रह आहे, आज ज्याला अॅटलस म्हणतो त्या प्रकारचा पहिला. पण पुढच्या शंभर वर्षांत प्रवासाच्या पुस्तकांनी जी दारं बांधली, त्यांचं जोतं इथे आहे, म्हणून पाटी क्रमांक एक हीच.

ऑर्टेलियस मूळचा नकाशे रंगवणारा. 'थिएट्रम' म्हणजे रंगभूमी, म्हणून पानभर एक दगडी कमान, नाटकाच्या मंचासारखी. वर सिंहासनावर युरोप बसलीय, मुकुट घालून, हातात राजदंड. डावीकडे आशिया, अंगावर तलम वस्त्र आणि दागिने, हातातल्या पात्रातून धुपाचा धूर निघतोय. उजवीकडे आफ्रिका, डोक्याभोवती सूर्याची प्रभावळ, हातात बल्सम या सुगंधी झाडाची डहाळी. खाली जमिनीवर अमेरिका, जवळजवळ उघडी, एका हातात सोटा आणि दुसऱ्या हातात माणसाचं तोडलेलं मुंडकं. कोण वर, कोण खाली, कोणाच्या अंगावर किती कपडे, हे एकदा इथे ठरलं आणि पुढे कित्येक पुस्तकांनी ते तसंच्या तसं उचललं.

इथपर्यंत थापांचा हिशोब बरोबर जुळत होता. मग स्कॅन मोठा करत खाली गेले, तर अमेरिकेच्या शेजारी पाचवी बाई सापडली.

ही बाई पूर्ण नाहीये. नुसता अर्धपुतळा: डोकं, खांदे, छाती, आणि खाली दगडी ठोकळा. हात नाहीत, पाय नाहीत. तिच्यापाशी एक ज्वाळा. ही मॅगेलानिका, दक्षिणेकडचा तो खंड जो आहे असं सगळे मानत होते पण कुणी धड पाहिला नव्हता. १५२० साली दर्यावर्दी मॅगेलन त्याच्या नावाच्या सामुद्रधुनीतून गेला तेव्हा दक्षिणेच्या किनाऱ्यावर आगी दिसल्या, त्यावरून त्या भूमीला तिएरा देल फुएगो, आगीची भूमी, हे नाव पडलं. ज्वाळा तिथली. आणि अर्धाच पुतळा का, तर तेवढंच माहीत होतं म्हणून.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. सगळ्या पानात हाच एक कोपरा असा, की जिथे चित्रकार 'पुढचं ठाऊक नाही' म्हणून थांबलाय. आता खंड मुळात तसा नव्हताच, ही गोष्ट वेगळी.

१२ जून

पाटी एकचा मजकूर चारशे शब्दांवरून नव्वदवर आणला. युरोपच्या राजदंडावर लिहिलेली चार वाक्यं काढली. मॅगेलानिका ठेवली.

तिचाच अर्धपुतळा पत्र्यावर कोरायचा, खाली मराठीत 'रंगभूमी'.

१८ जून

द ब्री. कोरक्या-प्रकाशकांचं हे घराणं समजून घेतल्याशिवाय बाकीचं काही कळत नाही.

थिओडोर द ब्री, जन्म १५२८, लिएज. सोनाराचा मुलगा, स्वतःही सोनारकाम शिकलेला. तांब्यावर कोरण्याची कला युरोपात बरीचशी सोनारांकडूनच आली, हत्यारही तेच. प्रॉटेस्टंट असल्यामुळे गाव सोडावं लागलं. स्ट्रासबर्ग, अँटवर्प, लंडन करत शेवटी फ्रँकफर्ट. १५९० मध्ये त्याने अमेरिकेतल्या व्हर्जिनियावरचं थॉमस हॅरियटचं पुस्तक एकदम चार भाषांत काढलं: लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. ते चाललं. मग अमेरिकेची मालिका, पाठोपाठ पूर्वेच्या देशांची मालिका. १५९८ मध्ये तो गेला, मुलांनी पुढे नेलं, मालिका १६३४ पर्यंत चालली. या घराने साऱ्या युरोपला अमेरिका दाखवली आणि द ब्री स्वतः अमेरिकेला कधी गेला नाही.

पाटीसाठी तिसरा भाग घेतला, ब्राझीलचा, १५९२. शीर्षकपानावर पुन्हा कमान, दोन्ही बाजूंना देवळ्या. अशा देवळ्यांत युरोपात संतांच्या मूर्ती असतात. इथे एकीत ब्राझीलच्या तुपीनांबा जमातीचा पुरुष, दुसरीत स्त्री, आणि दोघं माणसाच्या हातापायाचे तुकडे खातायत. अंगं मात्र रोमन पुतळ्यांसारखी घोटीव. भीतीही दाखवायची आणि कोरणाऱ्याचा हातही दाखवायचा, असं दुहेरी काम.

ज्याच्या वृत्तान्तावरून हे आलं तो हान्स श्टाडेन स्वतः त्या लोकांच्या कैदेत राहिलेला होता. त्याचं पुस्तक १५५७ मध्ये मारबुर्गला निघालं, त्यातले लाकडी ठसे ओबडधोबड आहेत, माणसं लाकडाच्या बाहुल्यांसारखी. पण त्यांत घरं कशी लावलीत, कुंपण कसं आहे, हे नीट कळतं. त्याच वर्षी फ्रँकफर्टला एकाने हेच पुस्तक चोरून छापलं. श्टाडेनचे ठसे त्याच्याकडे नव्हते. मग त्याने काय केलं, तर पूर्वेच्या प्रवासाच्या एका जुन्या पुस्तकातले पडून असलेले ठसे वापरले. त्यामुळे ब्राझीलच्या गोष्टीत फेटेवाले आणि हत्ती. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आपल्याकडे एकच देवीचं चित्र तीन कंपन्यांच्या कॅलेंडरवर येतं, त्यातलाच प्रकार.

एक बारकावा पाटीवर ठळक दाखवायचाय. द ब्रीच्या पानात मधली चौकट कोरी ठेवलेली असते. पुस्तकाचं नाव खिळ्यांनी वेगळ्या कागदावर छापायचं, कापायचं आणि चौकटीत चिकटवायचं. पत्रा एकच, लॅटिन हवं तर लॅटिनची पट्टी, जर्मन हवं तर जर्मनची. मी घेतलेल्या स्कॅनमध्ये पट्टीची उजवी कड किंचित उचललीय आणि तिची केसाएवढी सावली खालच्या कागदावर पडलीय. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी खळ लावून, बोटाने दाबून बसवलेली पट्टी. या पाटीचा जीव तिथे आहे.

२० जून

तांबट आळीत गेले. पाऊस, चिखल, आणि हातोड्यांचा तो एकसारखा ठोका. एका वयस्कर कारागिराला म्हटलं, कोरण्यासाठी पत्रा हवा, पाच बाय सहा इंच, सपाट. 'पातेलं नको, पत्राच?' असं दोनदा विचारून घेतलं. मग कापणीतला तुकडा काढून दिला. तुकडा लाकडी हातोडीने सरळ करताना म्हणाले, 'ताई, यावर ठोक्याची खूण राहील बघा.' मी म्हटलं नको, ती छापली जाईल. हे ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा रस वाटला. मिरजेला १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली होती हे मी सांगितलं, तर म्हणाले, 'उलटी कोरली असणार मग.' बरोबर ओळखलं. मला मात्र ही गोष्ट अजून नीट पचलेली नव्हती, हे पुढे कळलं.

२६ जून

लिन्सखोटन. इथे गोवा येतो, त्यामुळे समितीला ही पाटी मोठी हवी आहे.

यान हाउखेन फान लिन्सखोटन, डच तरुण, १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला, पाचएक वर्षं राहिला. पोर्तुगीजांचे सागरी मार्ग, वारे, मिऱ्यांचा व्यापार, बाजारातला माल, सगळं टिपून घेतलं. १५९६ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लासने त्याचं प्रवासवर्णन 'इटिनेरारिओ' छापलं. डचांच्या हाती पूर्वेची किल्लीच आली. वर्षभरात नाही, पण पुढच्या काही दशकांत पोर्तुगीजांना ते फार महाग पडलं.

चित्रं डोटेकम घराण्यातल्या भावांनी कोरली. गोव्याच्या बाजाररस्त्याचं चित्र प्रसिद्ध आहे: पालख्या, छत्र्या धरणारे गुलाम, लिलाव. पाटीसाठी मात्र मी लिन्सखोटनचं कोरीव व्यक्तिचित्र घेतलं. पुस्तकाच्या तोंडाशी लेखक स्वतः दारात उभा. खाली त्याचं फ्रेंच ब्रीद: 'सूफ्रीर पूर पार्व्हनीर'. सोसावं, तेव्हा पोचावं. मराठीत यापेक्षा चपखल वाक्य आपल्याकडे तयारच आहे, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. आणि इथे घाव खरोखरच टाकीसारख्या हत्याराचे आहेत, तेही तांब्यावर. पाटीवर हे लिहिलंय. समितीतले काका खूश.

दोनच वर्षांत द ब्रीच्या मुलांनी लिन्सखोटन आपल्या पूर्वेच्या मालिकेत घेतला आणि सगळी चित्रं नव्याने कोरवली. म्हणजे जो गोव्यात राहिला त्याच्या माहितीवर डोटेकमांनी काढलेलं चित्र पाहून फ्रँकफर्टला तिसऱ्याने काढलेलं चित्र. छापील चित्र पाहून पत्र्यावर सरळ कोरलं की छापताना डावं उजवं होतं. त्यामुळे कुठलं मूळ आणि कुठलं नक्कल हे ओळखायला मी आता तलवारी बघते. अख्खं सैन्य डावखुरं निघालं तर संशय घ्यायचा.

१ जुलै

टॉम कोरियट. याला भेटायला मी महिनाभर थांबले होते.

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या ऑडकंब गावचा. १६०८ मध्ये पाच महिन्यांत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड असा १,९७५ मैलांचा फेरा मारून आला, बराचसा पायी. परतल्यावर प्रवासातले बूट गावच्या चर्चमध्ये टांगले. १६११ मध्ये 'कोरियट्स क्रूडिटीज' छापलं. शीर्षकपान कोरलं विल्यम होलने.

आतापर्यंतच्या पानांवर देवता, कमानी, संतांच्या जागी नरभक्षक. या पानावर सगळीकडे एकच माणूस, लेखक, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची फजिती. इंग्लिश खाडीत जहाजाच्या कठड्यावरून ओकतोय. व्हेनिसमध्ये गोंडोलात बसलाय आणि खिडकीतून एक गणिका त्याच्यावर अंडी फेकतेय. द्राक्षं तोडली म्हणून जर्मन शेतकरी त्याला बडवायला निघालाय. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या अवाढव्य दारूच्या पिंपावर तो पेला घेऊन उभा. एका कोपऱ्यात त्याचे फाटके मोजे, बूट आणि उवा गळणारे कपडे मानचिन्हासारखे मांडलेत. मधोमध लंबगोलात त्याचं व्यक्तिचित्र, दोन्ही बाजूंना फ्रान्स आणि इटली या स्त्रिया समृद्धीची शिंगं घेऊन, आणि वर जर्मनी ही स्त्री बसलीय, ती थेट त्याच्या डोक्यावर ओकतेय.

प्रत्येक चित्राला अक्षर दिलंय आणि नाटककार बेन जॉन्सनने त्या अक्षरांप्रमाणे दोन-दोन ओळींची थट्टा लिहिलीय. पुस्तकाच्या सुरुवातीला साठाच्या आसपास लोकांच्या टवाळ कविता. लेखकाने ती सगळी टवाळी पैसे घालून छापली, कारण पुस्तक खपायला हवं.

ऑर्टेलियसच्या पानाशेजारी हे पान ठेवून बघितलं. तिथे खंड म्हणजे सिंहासनावरची राणी, इथे देश म्हणजे जास्त प्यालेली बाई. मला वाटतं होलने त्या साऱ्या कमानींचीच खिल्ली उडवलीय.

ग्रंथपालबाईंचा संध्याकाळी फोन. 'अगं, शाळेची मुलं येणारेत. ओकणारी बाई लावायची का?' मी म्हटलं, मुंडकं हातात घेतलेली चालते ना? थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, 'बरं, लाव. पण अंडी फेकणारीच्या खाली गणिका लिहू नकोस.' तिथे 'एक बाई' लिहिलं. तडजोड.

३ जुलै

कोरियटचा पुढचा भाग, आणि मला आवडलेली पाटी.

त्या माणसाला घरी चैन पडेना. १६१२ मध्ये पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो, तिथून चालत इराणमार्गे हिंदुस्तान. १६१५ च्या जुलैत अजमेरला जहांगीरच्या दरबारी पोचला. अलेप्पोपासून अजमेरपर्यंत दहा महिन्यांचा खर्च तीन पौंड, असं त्याने अभिमानाने घरी कळवलं. फारसी शिकून बादशहासमोर भाषण ठोकलं आणि शंभर रुपये मिळवले. जहांगीरच्या दरबारातला इंग्रज राजदूत टॉमस रो याला ते फार लाजिरवाणं वाटलं.

अजमेरहून घरी लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे: इथे मी हत्तीवर बसलो, आणि पुढच्या पुस्तकात माझं हत्तीवर बसलेलं चित्र छापायचं मी ठरवलंय.

१६१६ मध्ये लंडनच्या प्रकाशकाने ती पत्रं छापली. शीर्षकपानावर लाकडी ठसा: कोरियट हत्तीवर. खाली ओळी, मतितार्थ असा की पूर्वी हे महाशय लिखांवर बसून फिरले, आता हत्तीवर, आता पुढे कशावर बसणार? पान छापलं गेलं तेव्हा तो इथेच हिंडत होता. डिसेंबर १६१७ मध्ये तो सुरतेला वारला.

महिनाभर मी ज्यांची यादी करतेय ते बहुतेक घरी बसून दारं रंगवणारे होते. द ब्री अमेरिकेला गेला नाही. चार जाडजूड खंडांत जगभरचे प्रवास गोळा करणारा सॅम्युअल पर्चस (शीर्षकपान रेनल्ड एल्स्ट्रॅकचं, १६२५) स्वतःच लिहून गेलाय की आपण जन्मगाव थॅक्स्टेडपासून दोनशे मैलांपलीकडे कधी गेलो नाही. आणि हा एक चालत गेला, बसला, आणि आपलं चित्र कसं हवं ते कळवून मोकळा झाला.

९ जुलै

हाताला दोन ठिकाणी फोड.

पत्र्याच्या चारही कडा कानशीने उतरत्या केल्या, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर पत्रा ठेवायचा, ब्युरीन (कोरायचं टोकदार हत्यार) तळहातात धरून पुढे ढकलायचा, आणि वळण आलं की हात वळवायचा नाही, पत्रा फिरवायचा. ही एवढी गोष्ट शरीराला आठवायला चार दिवस लागले. तांब्याचा बारीक कुरळा किस निघतो, तो सलगपणे निघाला की रेघ चांगली. मॅगेलानिकाचे केस बरे आले, नाक जाड झालं. ज्वाळा छान.

मग अक्षरं. 'रंगभूमी' उलटी लिहायची. आरशात बघून कागदावर काढली, पत्र्यावर उतरवली. शिरोरेखा उजवीकडून डावीकडे ओढायची, मीची वेलांटी आधी येते आणि र सगळ्यात शेवटी. भू, मी, ग, सगळं उलटं कोरून झालं. शेवटचा र उरला, चहा प्यायले, परत येऊन कोरला.

मित्राच्या स्टुडिओत यंत्र आहे, तिथे पहिली प्रत काढली. कागद भिजवून टिपून घेतला, शाई चोळली, मलमलीने पुसली, वर लोकरी ब्लँकेट, चाक फिरवलं. कागद सोलून काढला तर अर्धपुतळी सुरेख, चौफेर पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसा, आणि खाली 'रंगभूमी' ज्याचा र तोंड फिरवून उभा. सवयीचा हात. चहानंतर तो सरळच कोरला मी.

मित्र म्हणाला, घासून परत कर. तांबं घासून, मागून ठोकून रेघ बुजवता येते, जुने लोकही तेच करायचे. पण तिथे पुन्हा खड्डा दिसतो. तांबट आळीतले आजोबा आठवले. 'उलटी कोरली असणार मग.'

१५ जुलै

शेवटच्या दोन पाट्या, एकाच बैठकीत.

योहान न्यूहॉफ, चीनला गेलेल्या डच वकिलातीचा वृत्तान्त, अॅम्स्टरडॅम, १६६५, प्रकाशक याकोब फान मूर्स. मुखचित्रात चीनचा बादशहा बसलाय, हात पृथ्वीगोलावर, पायाशी मानेत लाकडी खोडा अडकवलेले कैदी. न्यूहॉफ स्वतः गेला होता आणि रेखाटनं करत होता. त्याचं हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ते आणि छापील पुस्तक समोरासमोर ठेवलं की कोरणाऱ्यांनी घातलेली भर कळते: जास्तीची माणसं, जास्तीची माडाची झाडं. माड म्हणजे पूर्व, एवढं गिऱ्हाइकाला कळतं.

अथानासियस कीर्शर, 'चायना इलस्ट्राटा', १६६७. रोममध्ये बसलेला विद्वान, जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघातला. चीनला पाठवा म्हणून मागणी केली होती, मिळाली नाही. मुखचित्रात खाली चीनमध्ये राहिलेले जेझुइट मातेओ रिची आणि आडाम शाल, दोघं चिनी पोशाखात, मधे चीनचा नकाशा धरून. वर ढगांत जेझुइटांचे संत इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर. झेवियरचं शव गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे, आणि रिची चीनला जाण्याआधी १५७८ पासून काही वर्षं गोव्यातही होता. एवढा दुवा पाटीला पुरे.

पण मी अडकले ती आतल्या पाच पत्र्यांवर. हाइनरिख रोथ हा जेझुइट आग्र्याला संस्कृत शिकला होता, त्याने दिलेली देवनागरी वर्णमाला इथे तांब्यावर कोरून छापलीय. युरोपात छापलेल्या देवनागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी. अक्षरं जरा अवघडलेली आहेत, काही ठिकाणी गाठी नको तिथे जाड. पण सगळी सरळ आलीत. ज्या कोरक्याला यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, त्याने प्रत्येक अक्षर उलटं कोरलं आणि र एकदाही चुकला नाही. बहुधा वाचता येत नव्हतं म्हणूनच. त्याच्यासाठी ते नुसतं चित्र होतं. मला र येतो, म्हणून माझा हात सरळ गेला.

पत्रा घासायचा नाही असं ठरवलं. तसाच लावायचा, शेजारी कीर्शरच्या पानाचा तुकडा.

२२ जुलै

छपाईवाल्याकडून पाट्या आल्या. आठ उत्तम. द ब्रीची पाटी उघडली आणि बसलेच.

कागद पांढराशुभ्र. पट्टीची कड गायब, सावली गायब, पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोनही कापलेला. फोन केला. तिकडून आनंदाने: 'मॅडम, मधे एक डाग होता आणि लाईन येत होती, मुलाने अर्धा तास बसून काढली. चार्ज नाही लावला.'

रागावणार कशी? त्या मुलाने मन लावून काम केलं होतं. चूक माझीही, फाईलवर लिहून द्यायला हवं होतं. पण पाटीचा मजकूर 'पट्टीची उचललेली कड पाहा' असा आहे आणि पाहायला कड नाही. पुन्हा छापायचे पैसे मी भरायचे ठरले. नवीन फाईलचं नाव ठेवलंय: 'डाग_काढू_नये'.

२५ जुलै

नाव ठरलं. समितीच्या बैठकीत 'गोऱ्यांच्या थापा' पुन्हा निघालं. मी म्हटलं, थापा आहेतच, पण कोरियट कुठे बसवू? आणि ती बिनहाताची बाई? वीस मिनिटं चर्चा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सगळी दारंच आहेत ना, दारंच लिही. 'न पाहिलेल्या मुलखांची दारं'. कोरियटने पाहिला होता मुलूख, हे मी बोलले नाही. साडेसात वाजले होते.

२८ जुलै

पाट्या लावल्या. द ब्रीची नवीन प्रत सकाळी आली, सावलीसकट. तिच्याखाली भिंग दोऱ्याने बांधलंय.

दुपारी सातवीचा वर्ग आला. ओकणारी बाई पाच मिनिटांत शोधली गेली आणि तिथे गर्दी झाली. ग्रंथपालबाईंनी हळूच माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. एक मुलगी मात्र पत्र्यासमोर उभी. 'ताई, हा र उलटा आहे.' मी म्हटलं, हो, चुकला. तिने पत्रा बघितला, मग कागद, मग पुन्हा पत्रा. 'पत्र्यावर बरोबर आहे पण.' मग बोटाने हवेत उलटा र काढून बघायला लागली. तीन वेळा काढला, तिसऱ्यांदा जमला.

उद्याची कामं: भिंगाचा दोरा आखूड करणे. पाटी सहाचा खिळा सैल आहे. मुलांसाठी जुने कागद आणि आरसा ठेवणे, दोन तरी.